थर्ड पार्टीची चौकशी

आमच्या साडभाऊंनी चौकशी केली नाही असं एकही दुकान नागपुरात नसेल, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत काही विकत घेतलं असं दुकान अख्ख्या विदर्भात सापडायचं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात, आणि दोन साडूंनी एकमेकांना मनातल्या मनात पाण्यात पाहायचं असा तिकडे रिवाज आहे म्हणे. आमच्याकडे नात्यातच 'भाऊ' बसलेला असल्यामुळे ती सोय राहिली नाही. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. माझ्या लग्नात बुटांची राखण त्यांच्याकडे होती. राखण करता करता त्यांना त्या बुटांविषयी शंका आल्या, आणि आंतरपाट धरलेला असताना ते माझ्या कानाशी येऊन विचारू लागले, की हे घेतले कुठून, तळवा चामड्याचा आहे की रबराचा, आणि पावसात कसे टिकतात. भटजी खोळंबले. मी दुकानाचा पत्ता सांगितला, तेव्हा कुठे मंगलाष्टकं पुढे सरकली.

चौकशी हा त्यांचा स्वभाव म्हणावा, तर स्वभावालाही कधी सुट्टी असते, यांच्या चौकशीला ती नाही. सकाळी भाजीला निघालेला हा माणूस वांगं उचलतो, कानाशी नेऊन हलवतो आणि विचारतो, "काहून वं मावशी, हे कुठचं?" मौद्याकडचं, असं उत्तर आलं की विहिरीच्या पाण्यावरचं की कॅनॉलच्या. कॅनॉलचं म्हटलं की तिथे यंदा पाणी कधी सोडलं. एकदा एका बाईनं वैतागून ते वांगं त्यांच्याच हातात दिलं आणि म्हणाली, "बाबूजी, आता यालेच विचारा. मले गिऱ्हाईक पाहू द्या." साडभाऊंना राग आला नाही. चौकशीच्या कामात कोणी टाकून बोललं तर त्यांना राग येतच नाही, उलट बोलणाऱ्याचं गाव कोणतं ते विचारतात. कन्हानला एका तेरवीला आम्ही दोघं गेलो होतो. पंगतीत बसायच्या आधीच हे आचाऱ्यापाशी पोचले आणि वड्याची डाळ किती तास भिजवली याची विचारपूस करू लागले. गेलेल्या माणसाचा मोठा मुलगा डोळे पुसत बाहेर आला, तर यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, दोन मिनिटं खरंच गप्प उभे राहिले, त्यांचेही डोळे भरून आले, आणि मग हळूच विचारलं, "बाबाच्या फोटोची फ्रेम कुठून केली गा?"

बरं, माणूस कंजूष म्हणावा तर तेही नाही. दाराशी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाहीत. पण वस्तू घेतली की तिची चौकशी संपते, आणि ते त्यांच्याच्यानं बघवत नाही. कूलरची चौकशी त्यांनी तीन उन्हाळे केली. नागपूरचे तीन उन्हाळे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. गांधीबागेतून बर्डीवर आणि बर्डीवरून परत गांधीबागेत असे त्यांचे फेरे चालले होते आणि घरी ताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, डोक्यावर ओला पंचा घेऊन पोळ्या लाटत होत्या. तिसऱ्या वर्षी कूलर घरी आला तेव्हा पोळा चार दिवसांवर होता. त्याला पाहायला म्हणून मी गेलो, तर साडभाऊ मोठ्या समाधानानं म्हणाले, "घाई केली असती तं फसलो असतो. विचाराले काय जाते?" आत ताईंनी चहाचं आधण जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

पोटापाण्यासाठी त्यांनी तीस वर्षं आरटीओच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून गाड्यांच्या विम्याचं काम केलं. त्या टेबलावर सगळ्यात जास्त खपायचा तो थर्ड पार्टी विमा. तो काय असतो हे साडभाऊंच्याच शब्दांत सांगतो, कारण मी ते निदान चाळीसदा ऐकलं आहे. "फर्स्ट पार्टी म्हणजे तुम्ही, गाडीवाले. सेकंड पार्टी म्हणजे विमा कंपनी. अन् थर्ड पार्टी म्हणजे तो बिचारा, जो रोडच्या कडेले चहा पिऊन राहिला होता अन् तुमची गाडी त्याच्या अंगावर गेली. त्याच्यासाठी विमा काढणं कायद्यानं कंपल्सरी आहे. बाकी कोणाले भेटो न भेटो, थर्ड पार्टीले सपोर्ट भेटलाच पाहिजे." या तीन पार्ट्यांमध्ये त्यांनी सगळं जग वाटून टाकलं होतं. माझं नि बायकोचं त्यांच्यादेखत वाजलं की ते खुर्ची मागे सरकवून म्हणत, "मी इथी थर्ड पार्टी आहो. माह्या अंगावर गाडी आणू नका." त्यांचं टेबल उठून आता सहा वर्षं झाली, पण शब्द काही उठला नाही. आणि पुढे जो घोटाळा झाला तो या एका शब्दानं केला.

त्याचं असं झालं. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने त्यांना दिवाणावर बसून काढायचे होते. त्यांची मुलगी श्वेता बंगलोरला नोकरीला निघाली होती. जाताना तिनं आपली गेम खेळायची मशीन आईच्या मांडीवर ठेवली. हातात धरता येते आणि टीव्हीलाही लावता येते, अशी ती मशीन. त्यात एक शेतीचा खेळ होता. माळरान मिळतं, दगड उचलायचे, गवत काढायचं, पेरायचं, पाणी घालायचं, गाय-कोंबड्या ठेवायच्या. गुडघा बरा झाला, पण खेळ सुटला नाही. रोज दुपारी भांडी आवरली की ताई तासभर आपल्या शेतात जायच्या. त्या खेळात गावातला एखादा तरणाबांड गडी पाहून त्याच्याशी लग्नही करता येतं, आणि मशीन तसं सारखं सुचवत असते. माझ्या बायकोनं चिडवलं तेव्हा ताई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "एक आहे तेवढा पुरे." त्या वेळी साडभाऊ शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. मशीन कोणत्या देशात बनते आणि चार्जर किती वॅटचा आहे, एवढं त्यांचं पहिल्याच आठवड्यात विचारून झालं होतं. आत काय चाललं आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर मशीनची पाठ फुगायला लागली. बॅटरी गेली होती. स्क्रीन मध्येच काळी व्हायची, मग ताई ती एका विशिष्ट कोनात धरायच्या, वरून केसांचा रबर लावायच्या, तेव्हा पुन्हा शेत दिसायचं. श्वेतानं फोनवर ते पाहिलं आणि बापाला एकेक शब्द मोजून सांगितलं, "बाबा, कंपनीची नवीन मशीन आली आहे. ती घ्या, जुनीच्या बाजूले ठेवा, मी फोनवरून सांगते तसं करा. आईचं शेत त्याच्यातून याच्यात जाते. पण जुनी सुरू आहे तोपर्यंतच. ती बंद पडली की सहा वर्षांचं सगळं गेलं." शेताची नक्कल इंटरनेटवरही ठेवता येते, पण त्याला मेंबरशिप लागते, आणि तिची मुदत मागच्या वर्षीच संपली होती. साडभाऊंनी ती भरली नव्हती, कारण मेंबर व्हायच्या आधी संस्थेची नियमावली पाहायला मिळावी अशी त्यांची मागणी होती. "मीच मागवते ऑनलाइन," असं श्वेता म्हणाली, तर हे म्हणाले, "हात लावल्याशिवाय चीज मागवायची नाही. मी चौकशी करून राहिलो ना." पोरीनं कपाळाला हात लावलेला मी फोनमध्ये पाहिला.

सीताबर्डीवर एका तळघरात गेमचं दुकान आहे. तिथे मला त्यांनी स्कूटरवर मागे बसवून नेलं, साक्षीदार म्हणून. दुकानदार चाळिशीचा, टक्कल पडलेला, फार शांत माणूस होता. त्यानं नवीन मशीन काउंटरवर ठेवली. साडभाऊंनी तिचं नाव विचारलं. नाव जुनीचंच होतं, फक्त पुढे दोनचा आकडा.

"मंग जुनीच्या पुढे एक आहे का?" साडभाऊंनी विचारलं.

"नहीं अंकल. वो खाली है."

"म्हणजे एक नसतानाच दोन आली. बरं. जुने गेम हिच्यात चालते का?"

"चलते हैं अंकल. बहुत से चलते हैं."

"बहुत से चालते, म्हणजे काही चालत नाही. ते कोणते?"

दुकानदारानं विचारलं, तुमचा कोणता. साडभाऊंनी पाकिटातून ताईंच्या खेळाच्या डबीचा फोटो काढला. दुकानदारानं तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "ये थर्ड पार्टी है ना. कंपनी का खुद का होता तो मैं अभी बोल देता. थर्ड पार्टी का सपोर्ट उनके हाथ में है. दें तो दें, ना दें तो ना दें."

त्याचं म्हणणं इतकंच, की मशीन बनवणारी कंपनी एक, खेळ बनवणारी दुसरीच, आणि तो खेळ नव्या मशीनवर नीट चालवून द्यायचा की नाही ते त्या दुसरीनं ठरवायचं. पण थर्ड पार्टी हा शब्द कानावर पडताच साडभाऊंनी चष्मा काढून पुसला. टेबलावर एखादा अडेलतट्टू ट्रकमालक आला की ते असंच करायचे.

"दें तो दें कसं?" ते म्हणाले. "थर्ड पार्टीले सपोर्ट देणं कंपल्सरी आहे. तिथी कंपनीची मर्जी चालत नाही. कोर्टात उभं राहावं लागते."

दुकानदार म्हणाला, गेममध्ये कोर्ट नसतं. साडभाऊ म्हणाले, माणूस मेल्यावरही कोर्ट असतं, गेमचं काय घेऊन बसलात. मग त्यांनी त्याला पहिली पार्टी, दुसरी पार्टी आणि कडेला चहा पिणारा माणूस हे सगळं समजावून दिलं. गिऱ्हाइकं आपापल्या हातातले डबे खाली ठेवून ऐकत होती. अर्ध्या तासानं दुकानदार कबूल झाला, की त्याच्या स्वतःच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा मार्चपासून संपलेला आहे. साडभाऊंनी त्याला तो कुठे, कसा काढायचा ते कागदावर लिहून दिलं. मशीन न घेता आम्ही वर आलो. वर येताना ते म्हणाले, "सज्जन आहे, पण त्याले आपल्याच धंद्यातलं ज्ञान नाही."

दुसऱ्या फेरीत घोटाळा वाढला. त्या एकाच शेतीच्या खेळाचे दुकानात तीन प्रकार निघाले. एक जुना, जो नव्या मशीनवर बहुधा चालणार होता. एक नव्या मशीनसाठी पुन्हा काढलेला, त्यात जुनं शेत येईल की नव्यानं नांगरावं लागेल हे डबीवर लिहिलेलं नव्हतं. आणि तिसऱ्या डबीत खेळच नव्हता. साडभाऊंनी ती वांग्यासारखी कानाशी नेऊन हलवली. आत एक कार्ड वाजलं.

"गेम कुठी आहे याच्यात?"

"कार्ड में चाबी है अंकल. गेम नेट से आएगा."

"म्हणजे कुलूप नेटवर, अन् तुम्ही खोक्यात किल्ली विकून राहिले."

"कंपनी बेच रही है अंकल. मैं तो दुकान में बैठा हूं."

खोटं कशाला बोलू, या वेळी मलाही साडभाऊंचंच पटलं. घरी येऊन त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघा मारून तक्ता केला. कोणता डबा, कोणती मशीन, आणि पुढे तीन रकाने: शेत येईल, शेत येणार नाही, सांगता येत नाही. शेवटचा रकाना पत्रिकेच्या कडेपर्यंत भरला. मी त्यांना समजावलं, की साडभाऊ, इथली थर्ड पार्टी वेगळी. इथे ती धक्का खाणारी नाही, खेळ बनवणारी आहे. तिला कायद्यानं काही बांधलेलं नाही. चौकशी सोडा, मशीन घ्या, श्वेता म्हणते तसं लावून पाहा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही कुठी वाचलं?" मी कुठे वाचलं नव्हतं. "मंग ते तुमचं मत झालं," असं म्हणून त्यांनी पत्रिका खिशात ठेवली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. त्यांनी मशीनच्या कंपनीला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. विषय: थर्ड पार्टीच्या संभाव्य नुकसानीची आगाऊ सूचना. थर्ड पार्टी म्हणून ताईंचं पूर्ण नाव, वय, पत्ता. नुकसान होऊ घातलेल्या मालमत्तेच्या रकान्यात, 'शेत, एक, विहीर व गायीसह.' सोबत फुगलेल्या मशीनचे समोरून, मागून आणि बाजूनं काढलेले फोटो, अपघातग्रस्त गाडीचे काढतात तसे. तेच सगळं ईमेलनंही पाठवलं. पोस्टाची पावती मिळाली आणि ते इतके निर्धास्त झाले, की मला भीती वाटायला लागली. "आता काळजी नाही," ते म्हणाले. "अपघाताच्या आधी सूचना गेली की क्लेम बुडत नाही. उत्तर येऊ द्या, मंग मशीन घेऊ." आत त्या मशीनची पाठ आणखी बोटभर वर आली होती. आता एका रबरानं भागत नव्हतं, ताई दोन लावत होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी बायको तिकडे गेली होती. बायका गेल्यावर ती ताईंच्या शेजारी दिवाणावर टेकली. एवढ्या वर्षांत तिनं तो खेळ कधी धड पाहिला नव्हता. मी तिला न्यायला गेलो तेव्हा दोघी बहिणी एका मशीनवर वाकून बसल्या होत्या आणि माझी बायको म्हणत होती, "ताई, हे तं आपलं वावर आहे वं." ईशान्येला विहीर. तिच्या बाजूनं एकाला एक लागून पाच बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, चौथी जरा तिरपी. त्यांच्यामधला धुरा, म्हणजे बांध. खालच्या अंगाला बोडी, म्हणजे पाणी साठवायचं लहान तळं. खेळात मोहाचं झाड मिळत नाही म्हणून त्या जागी ताईंनी कसलंसं विलायती झाड लावलं होतं, पण जागा तीच. माझ्या सासऱ्यांचं रामटेकजवळचं वावर ते. सासरे गेल्यावर भावांनी विकलं, दोघी बहिणींनी सह्या केल्या, आणि त्यानंतर ताईंच्या तोंडून मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. खेळात शलगम आणि टोमॅटो लावतात, पण या बाईनं सहा वर्षं बसून दगड उचलत, खणत, बापाचं वावर आखून काढलं होतं. माझ्या बायकोला रडू आवरेना. बाहेर येऊन ती साडभाऊंना म्हणाली, "भाऊजी, मशीन आणा. पुरे झाली चौकशी."

"आणतो ना," ते म्हणाले. "उत्तर येऊ द्या." त्यांच्या नजरेसमोर पोस्टाची पावती होती. बायको इतकी चिडली होती की कारण सांगायलाही थांबली नाही, चपला घालून निघाली.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी ताईंचा मला फोन आला. त्या मला कधीच फोन करत नाहीत. म्हणाल्या, "जरा येता का? मशीन मंगळवारी बंद पडली. आज दुरुस्तीवाल्यानं बोर्ड गेला म्हणून वापस दिली. त्याचं काही नाही, पण हे बोलून नाही राहिले." बायको नि मी दोघंही गेलो. साडभाऊ बैठकीत बसले होते. समोर पेपरवर ती मशीन, पाठ उघडी, रबर बाजूला काढून ठेवलेले. त्यांनी मला काही विचारलं नाही. ट्रॅफिक होती का, स्कूटर कुठे लावली, काहीच नाही. मी बसलो तर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. कंपनीचं उत्तर नेमकं त्याच सकाळी आलं होतं. आपण विचारलेला खेळ थर्ड पार्टीचा असल्यामुळे कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. आणि खाली पाच चांदण्या काढून विचारलं होतं, की आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात.

"यांच्यात थर्ड पार्टीचा अर्थच वेगळा आहे, साडभाऊ," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलं होतं."

तेव्हा माझ्या बायकोला राहवलं नाही. तिनं त्यांना सांगून टाकलं, की ते शेत कोणतं होतं. विहीर, बोडी, तिरपी बांधी, सगळं. तिला रागावायचं होतं, पण अर्ध्यातच तिचा आवाज गेला. साडभाऊ ऐकत राहिले. वांग्याचं गाव विचारणारा हा माणूस, त्याच्या हाताच्या अंतरावर सहा वर्षं एक वावर उभं राहत होतं आणि त्याला त्याचं गाव माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "मी तिचं वावर घालवलं. मले वाटलं, खेळ आहे. मी विचारलंच नाही तिले." मला त्यांची इतकी कीव आधी कधी आली नव्हती, आणि इतका रागही.

शनिवारी ते माझ्या दारात उभे. म्हणाले, चला. तळघरातल्या दुकानदारानं आम्हाला पाहून आपणहून स्टूल पुढे केलं आणि विम्याचा नवा कागद अभिमानानं काढून दाखवला. साडभाऊंनी मान डोलावली आणि म्हणाले, "नवीन मशीन द्या. अन् तो शेतीचा गेम." दुकानदार वाट पाहत राहिला. मीही. त्यानं स्वतःच सांगायला सुरुवात केली, की अंकल, या गेमचे तीन प्रकार आहेत, एकात फक्त किल्ली असते. "जो चालते तो द्या," साडभाऊ म्हणाले. डबा हलवून पाहिला नाही. पाच मिनिटांत आम्ही वर रस्त्यावर होतो, आणि मला काही करमेना. एवढी वर्षं त्यांच्या चौकशीला मी वैतागलो, पण असं तोंड मिटून खरेदी करताना त्यांना पाहणं फार वाईट होतं.

घरी मशीन टीव्हीला लावली. श्वेतानं फोनवरून सगळं करून घेतलं. टीव्हीवर माळरान आलं. दगड, ओंडके, गुडघाभर गवत, आणि मधोमध एक झोपडी. ताई दिवाणावर येऊन बसल्या. हातातलं बटनांचं यंत्र त्यांनी काही वेळ नुसतंच धरून ठेवलं. मला वाटलं आता त्या उठून आत जातील. साडभाऊ पेपरच्या खुर्चीत बसले नाहीत. ते दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला टेकले, त्या माळरानाकडे पाहत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. घसा साफ केला.

"विहीर कुठी होती वं?" त्यांनी विचारलं.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाले काय करायचं आहे?"

"नाही, विचारून राहिलो."

ताईंनी बटन दाबून तो बाहुलीएवढा शेतकरी वरच्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. "इथी," त्या म्हणाल्या.

"पाणी कसं होतं तिचं?"

"गोड. उन्हाळ्यातही राहायचं."

"कोणी खोदली?"

"बाबांनी अन् काकांनी. मी सात वर्षांची होती. मले काठावर बसवून ठेवत, आत ढेकूळ पडलं की ओरडाले."

साडभाऊंचा पुढचा प्रश्न तयार होता, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण त्यांनी तो ओठांवरच थांबवला. "तुले त्रास होत असन तं नाही विचारत," ते म्हणाले.

ताईंनी पहिला दगड उचलून बाजूला टाकला.

"विचारा," त्या म्हणाल्या. "मले सगळं आठवते."